व्यवसायाच्या जागेसाठी हाय डेफिनिशन नेटवर्क कॅमेरे : मेगापिक्सेल किती आणि त्याखेरीज काय पाहावे?

गोदामधारक (धागाकर्ते)

नमस्कार. आमच्या जागेत पुढच्या बाजूस कार्यालय आणि रोख स्वीकारण्याचा काउंटर आहे, मागे सुमारे ४० मीटर लांबीचे गोदाम आहे, त्याला लागून माल चढवण्या-उतरवण्याचा १८ मीटर रुंदीचा धक्का आहे आणि वाहनांसाठी एकच फाटक आहे. या सर्वांवर १२ जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्यांची नजर आहे, असे आम्ही आजवर समजत होतो. काही दिवसांपूर्वी धक्क्यावरून मालाचे दोन खोके नाहीसे झाले. चित्रण शोधले तेव्हा वेळ सापडली, खोके उचलणारी व्यक्तीही सापडली. मात्र चेहऱ्याच्या जागी पाच-सहा करडे चौकोन तेवढे होते. ती व्यक्ती आमच्यापैकी होती की बाहेरची, एवढेही त्यावरून ठरवता आले नाही.

आता नेटवर्कवर चालणारे हाय डेफिनिशन कॅमेरे बसवायचे, असे ठरले आहे. एका पुरवठादाराने सगळीकडे ८ मेगापिक्सेलचा आणि २.८ मिमी लेन्सचा एकच कॅमेरा सुचवला आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की २ मेगापिक्सेल पुरेसे आहेत आणि त्यापुढचे सगळे विक्रीसाठीचे बोलणे आहे. दोघेही अनुभवी दिसतात आणि दोघांच्याही माहितीपत्रकांवर लख्ख उजेडातली देखणी चित्रे आहेत. कोणाचे ऐकावे आणि मेगापिक्सेलखेरीज काय तपासावे, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. चित्रण ३० दिवस जपून ठेवणे आमच्यासाठी आवश्यक आहे.

भिंग

माझ्या मते दोघांचेही ऐकू नये, कारण आपल्याला कोणत्या ठिकाणी नेमके काय पाहायचे आहे, हे न विचारताच दोघांनी उत्तर दिले आहे. धक्क्यावर कोणीतरी वावरत आहे एवढे कळणे, तो माणूस ओळखीचा आहे हे कळणे आणि अनोळखी माणसाची ओळख नंतर पटवता येणे, या तीन वेगळ्या गरजा आहेत आणि तिन्हींसाठी लागणारी चित्राची घनता वेगळी असते.

ही घनता दृश्याच्या रुंदीतील दर मीटरला किती पिक्सेल मिळतात, यावर मोजतात. देखरेखीच्या व्हिडिओ यंत्रणांसाठी असलेल्या आयईसी ६२६७६ या मानकाच्या चौथ्या भागात, त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत, याची एक उतरंड दिलेली आहे. माणसाची हालचाल लक्षात येण्यासाठी दर मीटरला २५ पिक्सेल, कपडे किंवा हातातील वस्तू यांसारखे तपशील पाहण्यासाठी सुमारे ६२, परिचित व्यक्ती ओळखू येण्यासाठी १२५ आणि अनोळखी व्यक्तीची ओळख पटण्यासाठी २५० पिक्सेल लागतात. चेहऱ्याची रुंदी साधारण १६ सेंटिमीटर धरली, तर २५० च्या घनतेवर चेहऱ्याला ४० पिक्सेल मिळतात. आपला जुना कॅमेरा आडवे ७०४ पिक्सेल देणारा असेल आणि तो १८ मीटरचा संपूर्ण धक्का एका चित्रात दाखवत असेल, तर दर मीटरला ३९ पिक्सेल पडतात, म्हणजे चेहऱ्याच्या वाट्याला सहा. आपण मोजलेले करडे चौकोन पाच-सहाच होते. कॅमेरा बिघडलेला नव्हता. त्याच्याकडून जे होण्यासारखे नव्हते, ते आपण त्याच्याकडे मागत होतो.

आता ८ मेगापिक्सेलच्या प्रस्तावाकडे येऊ. १०८०पी म्हणजे २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते आणि ८ मेगापिक्सेलची ३८४०. मेगापिक्सेल चौपट झाले तरी आडवी घनता दुप्पटच होते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. लेन्सचा हिशेब त्याहून सोपा आहे : सेन्सरच्या रुंदीला अंतराने गुणावे आणि लेन्सच्या नाभीय अंतराने (लेन्सवर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याने) भागावे, म्हणजे दृश्याची रुंदी मिळते. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक भागिले २.८ इंची सेन्सरची रुंदी सुमारे ५.६ मिमी असते. त्यावर २.८ मिमीची लेन्स लावली, तर १० मीटर अंतरावर २० मीटर रुंदीचे दृश्य दिसते आणि ८ मेगापिक्सेल असूनही दर मीटरला १९२ पिक्सेलच मिळतात. तोच सेन्सर २ मेगापिक्सेलचा घेऊन ८ मिमीची लेन्स लावली, तर दृश्य ७ मीटरचे होते आणि घनता २७४ वर जाते. काठाकडील वक्रतेमुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे हलतील. परंतु १० मीटरवरील माणसाचा चेहरा ओळखायचा असेल, तर कमी मेगापिक्सेलचा कॅमेरा येथे सरस ठरतो, हा निष्कर्ष बदलत नाही.

म्हणून जागेचा आराखडा कागदावर काढावा, प्रत्येक ठिकाणी वरील चारपैकी कोणती पायरी हवी ते लिहावे, अंतर टेपने मोजावे, मग लेन्स ठरवावी आणि मेगापिक्सेल सर्वांत शेवटी.

काटकसर

हिशेब पटला. तरीही एक शंका मांडतो. जागेत कोॲक्सियल केबल आधीच टाकलेली आहे आणि त्याच केबलवरून हाय डेफिनिशन चित्र नेणारे एचडी-टीव्हीआय, एचडी-सीव्हीआय यांसारखे कॅमेरे मिळतात. मग भिंती फोडून नवी केबल टाकण्याचा आणि नेटवर्कच्या भानगडीत पडण्याचा सोस कशासाठी? नेटवर्क कॅमेरा म्हणजे एक छोटा संगणकच असतो. त्याला अद्ययावत ठेवावे लागते आणि तो अडकून पडतो तेव्हा पुन्हा सुरू करावा लागतो.

तारकरी

काटकसर यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुनी केबल चांगल्या तांब्याची असेल, कॅमेरे मोजके असतील आणि वाढवायचे नसतील, तर कोॲक्सियलवरचे हाय डेफिनिशन कॅमेरे पूर्णपणे व्यवहार्य आहेत आणि मी ते आजही बसवतो. त्यांचे अंतरही नेटवर्क केबलच्या १०० मीटरच्या मर्यादेहून बरेच लांब जाते. धागाकर्त्यांच्या बाबतीत मात्र मी नेटवर्क कॅमेरे घेईन. एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात, रेकॉर्डर बंद पडला तरी कॅमेऱ्यातील मेमरी कार्डावर चित्रण चालू ठेवता येते, आणि पुढे एखादा कॅमेरा अधिक क्षमतेचा घ्यावासा वाटला, तर रेकॉर्डर त्याच वेळी बदलावा लागत नाही.

केबलविषयी एकच ताकीद देतो, कारण सर्वाधिक त्रास मी तेथेच पाहिला आहे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारांची केबल हुबेहूब खऱ्या केबलसारखी दिसते. तिचा रोध अधिक असतो; लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेसा विद्युतदाब पोहोचत नाही आणि मग तो कॅमेरा दिवसभर नीट चालतो, परंतु रात्री त्याचे अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे लागताच बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. एका ठिकाणी असा कॅमेरा तीनदा बदलल्यानंतर आम्ही केबल सोलून पाहिली, तेव्हा आत चंदेरी तार निघाली. खरेदीच्या वेळी केबलचे टोक सोलून तार खरवडून पाहण्यास लाजू नये.

पॉवर ओव्हर इथरनेटचे, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याच्या पद्धतीचे, वर्गही ठाऊक असावेत. २००३ च्या ८०२.३एएफ मानकात नेटवर्क स्विचच्या, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जेथे जोडतात त्या यंत्राच्या, प्रत्येक पोर्टवर १५.४ वॉट मिळतात, त्यांपैकी कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॉटचीच हमी असते. २००९ च्या ८०२.३एटी मानकात हेच आकडे ३० आणि २५.५ आहेत. साधे स्थिर कॅमेरे पहिल्या वर्गात भागतात. फिरते, झूमचे किंवा मोठ्या अवरक्त दिव्यांचे कॅमेरे बहुधा दुसरा वर्ग मागतात. स्विच घेताना मात्र एका पोर्टचा आकडा पाहून थांबू नये, सर्व पोर्ट मिळून तो किती वॉट देऊ शकतो ते पाहावे. रात्री ९ वॉट घेणारे १२ कॅमेरे म्हणजे १०८ वॉट. ज्या स्विचची एकूण क्षमता ६५ वॉट आहे, त्याच्यावर १६ पोर्ट असले तरी त्यांतले निम्मे शोभेचेच.

रात्रपाळी

भिंग यांनी मांडलेला हिशेब अचूक आहे, पण तो उजेडातला आहे. चोऱ्या आणि भांडणे तेवढ्या उजेडात होत नाहीत. मी रात्रीच्या सुरक्षेची व्यवस्था पाहतो, त्यामुळे थोडे खोलात जाऊन लिहितो.

एकाच आकाराच्या सेन्सरवर २ ऐवजी ८ मेगापिक्सेल बसवले, की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला आलेले क्षेत्रफळ चौथाई होते, म्हणजेच प्रत्येकाला मिळणारा प्रकाशही चौथाई. म्हणून ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेताना सेन्सर एक भागिले १.८ इंची किंवा त्याहून मोठा आहे ना, हे आवर्जून पाहावे. लेन्सचा एफ आकडाही पाहावा. आत येणारा प्रकाश या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे एफ १.६ च्या तुलनेत एफ १.० ची लेन्स अडीच पटींहून अधिक प्रकाश घेते. इतक्या कमी उजेडातही दिसते असे सांगणाऱ्या माहितीपत्रकातील ‘०.००१ लक्स’ या आकड्यावर मात्र माझा विश्वास नाही. तो कोणत्या शटरवेगावर आणि किती विद्युत-वर्धन देऊन मोजला, हे सोबत लिहिलेले नसेल, तर दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

शटरवेग हा रात्रीचा खरा घात आहे. अंधार पडला की कॅमेरा आपोआप शटर अधिक काळ उघडे ठेवतो. स्थिर दृश्य त्यामुळे उजळ आणि छान दिसते, आणि नेमके तेच दृश्य दाखवून कॅमेरा विकला जातो. साधारण चालीने चालणारा माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर जातो. शटर सेकंदाचा पंचविसावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात तो साडेपाच सेंटिमीटर पुढे सरकतो. दर मीटरला २५० पिक्सेलची घनता असेल, तर हा चेहरा १४ पिक्सेल फरफटला जातो आणि ओळखीसाठी राखलेल्या ४० पिक्सेलांचा काही उपयोग उरत नाही. फाटकावर तर हे अधिक जाणवते. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. तेवढ्याच शटरवर वाहन २० सेंटिमीटर सरकते आणि क्रमांकाच्या पाटीवर एक पांढरा पट्टा तेवढा दिसतो. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर आणले, तर ही फरफट एका सेंटिमीटरवर येते. पण मग प्रकाश हवा, आणि समोरून दिव्यांचा झोत येत असतो. म्हणून वाहन-क्रमांकासाठी वेगळा कॅमेरा ठेवावा, त्याचे शटर वेगवान आणि कायम ठरवलेले असावे, त्याला स्वतःचा अवरक्त प्रकाश द्यावा आणि त्याच्या चित्रात रात्री पाटीखेरीज जवळजवळ काही दिसणार नाही, हे मान्य करावे. वाहनात कोण होते, कोणत्या बाजूने उतरले, हे टिपणारा दुसरा कॅमेरा वेगळा. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामे होतात, असे सांगणाऱ्याला रात्री अकरा वाजता फाटकावर बोलवावे.

अवरक्त दिव्यांबद्दल : ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांचा मंद लाल ठिपका डोळ्यांना दिसतो, पण प्रकाश लांब जातो, ९४० चे दिवे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी पडतो. लेन्सशेजारीच दिवे असले की त्यांच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतात आणि मग रात्रभर एक जळमट लेन्ससमोर पांढरेशुभ्र लखलखत राहते. हालचाल टिपणारी यंत्रणा त्या जळमटाचीच नोंद सकाळपर्यंत करत बसते. शक्य असेल तेथे अवरक्त दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटर दूर लावावा. आणि ज्या ठिकाणी परवडेल, त्या ठिकाणी साधा पांढरा उजेडच लावावा. अवरक्त प्रकाशात चित्र कृष्णधवल होते आणि शर्ट लाल होता की निळा, हे सांगता येत नाही.

नवखा_वाचक

अतिशय माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली आहे. आमच्या दुकानाच्या दारातून येणारी माणसे चित्रात काळी सावली होऊन दिसतात. कॅमेरा नवा आहे आणि ५ मेगापिक्सेलचा आहे. यावर काय उपाय?

भिंग

दाराबाहेरचे ऊन आणि आतली सावली यांतील फरक सेन्सरच्या आवाक्याबाहेर जातो, त्यामुळे असे होते. यासाठी वाइड डायनॅमिक रेंज, म्हणजे डब्ल्यूडीआर, ही सोय असते. मात्र तिचे दोन प्रकार आहेत आणि नाव बहुधा सारखेच छापलेले असते. खऱ्या प्रकारात कॅमेरा कमी आणि अधिक शटरकाळाची दोन किंवा अधिक चित्रे घेऊन ती एकत्र करतो आणि त्याची क्षमता साधारण १२० डेसिबल अशी लिहिलेली असते. दुसऱ्या प्रकारात अंधारा भाग संगणकीय रीतीने नुसताच उजळवला जातो आणि त्यासोबत गोंगाटाचे कणही, म्हणजे चित्रातले नको असलेले ठिपकेही, उजळतात. आपल्या कॅमेऱ्याच्या मेनूत ही सोय बंद असण्याचीही शक्यता आहे, ते आधी पाहावे. रात्री मात्र ती बंद राहील असे वेळापत्रक लावावे, कारण दोन चित्रांच्या जोडणीत हलणाऱ्या माणसाच्या कडांना भुतासारखी दुहेरी छटा दिसते. आणि अर्थात, कॅमेरा दाराच्या तोंडाशी न लावता बाजूच्या भिंतीवर सरकवून पाहणे, हा कोणताही मेनू न उघडता करता येणारा उपाय आहे.

गोदामधारक

सर्वांचे आभार. आराखडा काढला. काउंटर, कर्मचाऱ्यांचे दार आणि धक्क्यावरून गोदामात शिरण्याचे दार या तीन ठिकाणी ओळख पटण्याइतकी घनता लागेल, असे दिसते. उरलेल्या धक्क्यावर ओळखीचा माणूस कळला तरी पुरे, आणि गोदामाच्या मार्गिकांमध्ये हालचाल आणि खोक्यांची ने-आण समजली तरी चालेल. आता दोन अडचणी आहेत. मार्गिका लांब आणि अरुंद आहेत, त्यामुळे चित्राचा बहुतेक भाग दोन्हीकडच्या मांडण्यांनीच भरतो. दुसरी गोष्ट म्हणजे ३० दिवसांसाठी किती साठवण लागेल, याचे दोन पुरवठादारांचे आकडे एकमेकांच्या दुप्पट आहेत.

तारकरी

मार्गिकेसाठी कॅमेरा आडवा न ठेवता ९० अंशांत फिरवून बसवावा आणि चित्र उभे करून घ्यावे. अनेक नेटवर्क कॅमेऱ्यांत ही सोय असते आणि तिला कॉरिडॉर मोड म्हणतात. भिंती आणि मांडण्या चित्रातून जातात आणि मार्गिकेच्या लांबीला अधिक पिक्सेल मिळतात.

साठवणीचा हिशेब स्वतःच करावा, तो दोन ओळींचा आहे. कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे तो दर सेकंदाला किती माहिती पाठवतो तो आकडा, मेगाबिट प्रति सेकंद असा घ्यावा आणि त्याला १०.८ ने गुणावे, म्हणजे दिवसाचे गिगाबाइट मिळतात. ४ मेगाबिटचा कॅमेरा दिवसाला ४३.२ गिगाबाइट घेतो. १२ कॅमेरे आणि ३० दिवस धरले, तर सुमारे १५.५ टेराबाइट. सगळे कॅमेरे ८ मेगापिक्सेलचे करून बिटरेट ८ मेगाबिट ठेवला, तर हाच आकडा ३१ होतो. आपल्याला मिळालेला दुपटीचा फरक बहुधा येथूनच आला असावा. १५.५ साठी १६ टेराबाइटची एकच डिस्क पुरेल, असे मात्र समजू नये. रेकॉर्डर थोडी जागा स्वतःकडे राखतो, आणि डिस्क बिघडली तरी चित्रण वाचावे म्हणून रेडची (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची) मांडणी केली, तर एक-दोन डिस्कची क्षमता त्यात जाते. डिस्क अखंड लेखनासाठी बनवलेलीच घ्यावी. कार्यालयातील संगणकाची साधी डिस्क वर्षाचे सगळे दिवस चोवीस तास लिहिण्यासाठी केलेली नसते.

एच.२६५ हे संकेतन, म्हणजे चित्रण कमी जागेत बसवण्याची पद्धत, २०१३ मध्ये आले आणि त्याच्या आधीच्या, २००३ च्या एच.२६४ पेक्षा ते साधारण निम्म्या बिटरेटमध्ये तेवढाच दर्जा देऊ शकते, असा त्याचा लौकिक आहे. दिवसाच्या स्थिर दृश्यात हे पटते. रात्री चित्रात गोंगाटाचे कण नाचू लागले की ती बचत झपाट्याने आटते, कारण प्रत्येक कण ही संकेतकाच्या दृष्टीने नवी हालचालच असते. त्यामुळे साठवण ठरवताना रात्रीचा बिटरेट मोजावा. फ्रेमचा दरही सगळीकडे सेकंदाला २५ ठेवण्याची गरज नाही. मार्गिकांना १२ ते १५ पुरतात, नोटा मोजल्या जातात त्या काउंटरवर मात्र २५ ठेवावा, कारण हाताची चलाखी दोन फ्रेमांमधल्या फटीतच होते.

कडीकुलूप

एवढ्या चर्चेत कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सुरक्षेचा विषय अजून आलेला नाही, याचे थोडे आश्चर्य वाटले. काटकसर यांनी ‘छोटा संगणक’ म्हटले ते अगदी खरे आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या फौजेने डिन या डीएनएस सेवेवर (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेवर) असा मारा केला, की अनेक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनाशी झाली. मिराई जी यादी वापरून आत शिरत होती, तिच्यात साठेक नावे आणि पासवर्ड यांच्या जोड्याच होत्या. ज्यांच्या भिंतीवर ते कॅमेरे होते, त्यांपैकी बहुतेकांना यातले काही कळलेही नसेल.

कॅमेरे आणि रेकॉर्डर कार्यालयाच्या संगणकांपासून वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे जाळ्याच्या स्वतंत्र विभागात, ठेवावेत आणि त्या भागातून इंटरनेटकडे जाणारी वाट बंद असावी. मोबाइलवर चित्र पाहण्यासाठी राउटरवर पोर्ट उघडून देणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. त्याऐवजी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत येणारी सुरक्षित खाजगी जोडणी, घ्यावे. राउटरमधली यूपीएनपी ही सोय बंद करावी, अन्यथा कॅमेरा आपल्याला न विचारता राउटरकडून वाट उघडून घेऊ शकतो. खरेदीपूर्वी निर्मात्याच्या संकेतस्थळावर जाऊन त्या मॉडेलचे शेवटचे फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतली आज्ञावली) कधी आले, हे पाहावे. दोन-तीन वर्षांत एकही अद्ययावत आवृत्ती नसेल, तर तो कॅमेरा कितीही तीक्ष्ण असला तरी मी घेणार नाही.

वेगवेगळ्या निर्मात्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकत्र चालावेत म्हणून ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ओएनव्हीआयएफ हा मंच सुरू केला. माहितीपत्रकावर नुसते हे नाव असून भागत नाही, प्रोफाइल पाहावे लागते. मूळ चित्रप्रवाहासाठी एस, साठवणीसाठी जी, आणि एच.२६५ सह पुढच्या सोयींसाठी टी. मंचाच्या संकेतस्थळावर प्रमाणित मॉडेलांची यादी शोधता येते. आपले मॉडेल तेथे नसेल, तर छापील दाव्याला अर्थ नाही.

आणि घड्याळ! सर्व कॅमेरे आणि रेकॉर्डर एकाच एनटीपी स्रोताशी, म्हणजे जाळ्यावरून वेळ पुरवणाऱ्या घड्याळाशी, जुळवावेत. फाटकावरचा कॅमेरा चार मिनिटे मागे आणि धक्क्यावरचा दोन मिनिटे पुढे असेल, तर चौकशीत दोन चित्रफिती एकमेकींना खोटे पाडतात.

काउंटरमागून

मी मालक नाही, कॅमेऱ्यासमोर दिवसभर काम करणारी कर्मचारी आहे. कॅमेऱ्याची अडचण नाही. रोख कमी पडली तेव्हा त्यानेच मला वाचवले आहे. पण कोणत्या ठिकाणी कॅमेरा आहे, आवाज टिपला जातो की नाही आणि चित्रण कोण पाहू शकते, हे लेखी सांगितलेले असावे. कपडे बदलण्याच्या आणि विश्रांतीच्या खोलीकडे कॅमेऱ्याचे तोंडही नसावे. शेजाऱ्याची खिडकी किंवा कर्मचाऱ्यांचा संगणक-पडदा चित्रात येत असेल, तर तो भाग झाकण्याची सोय कॅमेऱ्यातच असते. आवाज टिपण्याबाबतचे नियम चित्रणाहून कडक असू शकतात, तेव्हा मायक्रोफोनचा कॅमेरा घेण्याआधी आपल्याकडचा कायदा पाहून घ्यावा.

गोदामधारक

काउंटरमागून यांचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, तो प्रामाणिकपणे मान्य करतो. विश्रांतीच्या खोलीच्या दारावरचा कॅमेरा आराखड्यातून काढला आहे.

दोन्ही पुरवठादारांकडून एकेक कॅमेरा चाचणीसाठी मागवला आणि धक्क्याच्या दारावर ४ मीटर उंचीवर दोन्ही शेजारी-शेजारी लावले. दिवसा ८ मेगापिक्सेलचे चित्र पाहून आमचे सगळे सहकारी त्याच्याच बाजूचे झाले. रात्री आमच्यातल्या एकाला खोका घेऊन नेहमीच्या चालीने जायला सांगितले आणि चित्रण थांबवून पाहिले. ८ मेगापिक्सेलमध्ये भिंतीवरची पाटी वाचता येत होती, पण खोकेवाल्याचा चेहरा डावी-उजवीकडे फरफटलेला होता. २ मेगापिक्सेलवर ८ मिमीची लेन्स आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाचे शटर होते. तेथे चित्र काळपट आले, तरी माणूस ओळखता आला. त्याने टोपी घातली, तेव्हा मात्र दोन्हींत फक्त टोपीच दिसली.

भिंग

टोपीचा दोष उंचीचा आहे. ४ मीटरवरील कॅमेरा आणि साधारण १.६ मीटर उंचीवरील चेहरा यांत २.४ मीटरचा फरक पडतो. माणूस ४ मीटर अंतरावर असेल, तर कॅमेरा त्याच्याकडे ३१ अंशांनी खाली पाहत असतो. चेहरा ओळखण्यासाठी हा कोन १५ अंशांच्या आसपास असावा, असे मी धरून चालतो, आणि ४ मीटर उंचीवरून तो साधण्यासाठी माणूस ९ मीटर दूर हवा. दाराच्या आत कॅमेरा अडीच मीटरच्या आसपास उतरवावा. तोडफोडीची भीती असेल, तर आघातरोधकतेचा आयके १० दर्जा पाहावा. त्यात २० ज्यूलचा आघात सोसण्याची अपेक्षा असते. पाऊस आणि धूळ यांसाठी आयपी ६६ किंवा ६७. घुमटाकार आवरणाचा कॅमेरा घेतल्यास त्यावर हाताचे ठसे उमटू देऊ नयेत, कारण अवरक्त प्रकाश त्या तेलकट ठशांवरून परतून संपूर्ण चित्रावर धुके पसरवतो.

काटकसर

शंभराव्या भागाच्या शटरवर चित्र काळपट आले म्हणता, तर दारावर एक पांढरा दिवा लावून तीच चाचणी पुन्हा घेऊन पाहा. कॅमेऱ्याच्या तुलनेत दिवा फार स्वस्त पडतो.

गोदामधारक

दिवा लावला, कॅमेरा अडीच मीटरवर उतरवला आणि काल रात्री पुन्हा पाहिले. आता टोपीखालचा चेहरा आणि शर्टाचा रंग दोन्ही दिसतात. दोन्ही पुरवठादारांना नवे मागणीपत्र पाठवले आहे. त्यात प्रत्येक जागेसमोर अंतर, उंची, हवी असलेली घनता, रात्रीचे किमान शटर आणि टिकवायचे दिवस एवढेच लिहिले आहे आणि मेगापिक्सेलचा रकाना त्यांच्यासाठी मोकळा ठेवला आहे. कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळी व्हीलॅन करून देण्याची अटही घातली आहे. एका पुरवठादाराने लगेच विचारले की रात्रीचे शटर कोण तपासणार. त्याला चाचणीची वेळ कळवली आहे. फाटकावरील क्रमांकाच्या कॅमेऱ्याची परीक्षा भर पावसात, समोरून दिवे येत असताना घ्यायची राहिली आहे. ती झाली की चित्रांसह येथेच लिहितो.